मेणकागदातले सेल

रुपराव गावंडे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि हुडकेश्वरात त्या घालायचा पहिला हक्क माझा आहे. मी त्याची शेजारीण. आमच्या दोन घरांत एक बुटकी भिंत आणि एक सीताफळाचं झाड, एवढाच आडपडदा. त्या भिंतीवरून मी त्याचा संसार वीस वर्षं पाहिला.

हुडकेश्वर तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं. रुपरावाची थोडी शेती होती, ती त्याचा भाऊ पाहायचा. हा रोज सायकल मारत शहरात कापडाच्या गिरणीत जायचा, मागांच्या खात्यात. तिथं शेकडो माग एकदम चालत आणि इतका खडखडाट असे की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून गिरणीतले लोक हातांनी बोलत. दोन बोटं जोडून झटक्यात वेगळी केली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की पाणी. डोक्यावर हॅट घातल्यासारखा हात फिरवला की साहेब आला. रुपराव या खुणांत इतका तरबेज होता की सुट्टीच्या दिवशी पारावर बसूनही त्याचे हात चालू असत.

दुसरी त्याची ओळख म्हणजे ट्रान्झिस्टर. शर्टाच्या खिशात मावेल एवढा लहान, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. गावात मोठे रेडिओ तीन-चार घरी होते, पण खिशातून गाणं वाजवत चालणारा हा एकटाच. रस्त्यानं निघाला की पोरंसोरं, म्हातारे, सगळे विचारणार, "रुपराव, स्कोर काय झाला गा?" आणि रुपराव असा थांबणार, असा खिशाकडे कान नेणार, जणू साऱ्या संघाची जबाबदारी त्याच्यावर आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी आमच्या ह्यांना म्हणायची. आमचे हे, म्हणजे नानाजी, त्याच्या बाजूनं बोलायचे, कारण त्यांनाही स्कोर लागायचा.

आता त्याच्या बायकोचं सांगते. प्रेमिला खाप्याची. कन्हान नदीच्या काठचं ते गाव, तिचे वडील तिथले विणकर. लग्न होऊन आली तेव्हा हसरी, बोलकी, आणि गळा असा की जात्यावर बसली की मी माझं काम टाकून भिंतीशी उभी राहायची. पुढं तिला छातीचा आजार झाला. महिनोन्‌महिने सुया टोचल्या. जीव वाचला, पण त्या औषधानं कान गेले. हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग माणसं गेली. शेवटी शेवटी ती मला म्हणाली, "सिंधूताई, ढग गडगडले का वं? मले नुसता उजेड दिसला."

तेव्हा रुपरावानं काय केलं? त्यानं तिला गिरणीच्या खुणा शिकवल्या. गावाला फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खरी गोष्ट नंतर कळली. तिच्याशी बोलायचं तर ओठ दिसतील असं समोर उभं राहून ओरडावं लागे, आणि ओरडलं की गल्लीला ऐकू जाई. रुपरावाला त्याची लाज वाटायची. बायको बहिरी आहे हे गावाला रोज नव्यानं कशाला सांगायचं, असं त्याचं म्हणणं. म्हणून जेवण, पाणी, दार लाव, मी निघालो, साऱ्या संसाराच्या दहा-पंधरा खुणा झाल्या आणि त्यावर भागू लागलं. ज्या गोष्टीला खूण नव्हती ती गोष्ट त्या घरात बोललीच जात नव्हती.

मग सीताबर्डीच्या कानाच्या डॉक्टरनं मशीन दिली. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. डबीत एक पेन्सिल सेल. प्रेमिलानं त्या डबीला खणाची पिशवी शिवली आणि गळ्यात अडकवली. पहिल्या दिवशी मशीन लावून ती माझ्याकडे आली. माझ्या चुलीजवळ बसून राहिली. भाकर तव्यावर टाकली तेव्हा रडली.

रुपरावाला आनंद झाला नाही असं नाही. पण लग्नाकार्याला जायचं असलं की तो गळ्यापाशी हात नेऊन पदराची खूण करायचा. म्हणजे, झाकून घे. कधी तर मशीन घरीच ठेव म्हणायचा. लोक वायर पाहतात, पोरं हसतात, असं त्याला वाटे. ती ठेवायची. अशा वेळी मी भिंतीवरून काही बोलले तर नानाजी मला आत बोलावून घेत.

आजारात तिनं महादेवाला नवस बोलला होता. पुन्हा ऐकू आलं तर त्रिशूळ घेऊन पायी येईन. आता कुणी म्हणेल, ऐकू तर मशीननं आलं, त्यात महादेवाचं काय? पण प्रेमिलाचा हिशेब सरळ होता. मशीन देण्याची बुद्धी कोणी दिली? खाप्याहून दरवर्षी शिवरात्रीच्या आधी पोहा निघतो, तो सावनेर, सौंसर करत सातपुड्यात शिरतो आणि चौरागडावर पोचतो. पोहा म्हणजे आमच्याकडे महादेवाला पायी जाणाऱ्या लोकांची टोळी. लहानपणी प्रेमिला वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती. ती सांगायची, "वरतं पोचलं की सारे एकदम हर हर महादेव म्हणतात. मंग खालून, दरीतून, दुसरे पोहे जवाब देतात. असं वाटते डोंगरच बोलून राहिला." तिला ते एकदा ऐकायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. आणि नवसाचा त्रिशूळ एकदाच वाहायचा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते सत्याहत्तर साल. आम्ही चौघं, ती दोघं आणि आम्ही दोघं, बसनं खाप्याला गेलो आणि कवडू महाराजांच्या पोह्यात सामील झालो. कवडू महाराज म्हणजे पोह्याचे म्होरके. उंच, काटक, अनवाणी, आणि आवाज असा की बैल बिचकावा. प्रेमिलाचा त्रिशूळ खाप्याच्या लोहारानं घडवला होता, हातभर लांबीचा. तो ती कुणाला धरू देत नव्हती. मशीनचे सेल मात्र तिनं नवऱ्याकडे दिले. सीताबर्डीहून आणलेले चार नवे सेल, ओल लागू नये म्हणून मेणकागदात गुंडाळलेले. विजेच्या वस्तूंतलं त्याला कळतं, असं तिला वाटे. मी म्हटलं, "तुह्याच जवळ ठेव ना वं." ती हसली आणि म्हणाली, "त्याइच्या हातात राहिले तं चांगले राहतीन."

वाटेत तिनं मशीन जवळजवळ बंदच ठेवली. संध्याकाळी भजन सुरू झालं की थोडा वेळ लावायची, एक-दोन गाणी ऐकायची आणि चाकी फिरवून बंद. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काहून वं?" तर म्हणाली, "वरतं लागल." दिवसभर ती मुक्यानं चालायची. पायाला फोड आले तरी तोंडावर तेज. तिच्या मागं रुपराव, खिशात ट्रान्झिस्टर वाजतो आहे आणि भोवती पाच-पन्नास माणसं चालताहेत.

कारण त्या वर्षी सगळंच एकदम आलं होतं. निवडणुका लागल्या होत्या, त्याच्या बातम्या. आणि मुंबईला इंग्लंडशी शेवटची कसोटी. मालिका तर आपण आधीच हरून बसलो होतो! पण पुरुषांना ते सांगून उपयोग नाही. पोहा भल्या पहाटे निघे आणि ऊन चढलं की झाडाखाली थांबे. नेमकी तीच कॉमेंट्रीची वेळ. आमचा पोहा थांबला की दुसऱ्या पोह्यांतले लोक रुपरावाला शोधत येत. "ते रेडिओवाले भगत कुठी हायेत?" पोह्यात सगळे एकमेकांना भगत म्हणतात. हुडकेश्वरात पंचवीस माणसं ज्याची वाट पाहत, त्याची आता शंभर-दीडशे माणसं वाट पाहू लागली. कुणी त्याला चहा देई, कुणी बसायला घोंगडी टाकी. रुपराव फुगला. अहो, कुणीही फुगला असता.

सौंसरच्या पुढं त्याच्या ट्रान्झिस्टरचा आवाज बसू लागला. त्याचे सेल संपत आले. तेव्हा त्यानं "आता बंद" एवढंच म्हणायला हवं होतं. दोन शब्द. पण समोर माणसं बसलेली, चेहरे वर केलेले. आणि त्याच्या पिशवीत मेणकागदात चार नवे सेल. त्यानं झाडामागं जाऊन दोन काढले, ट्रान्झिस्टरात घातले, आणि आपले मेलेले दोन मेणकागदात गुंडाळून ठेवले. मनाशी म्हणाला, छिंदवाड्याला घेऊ. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हे. त्या दिवशी त्याच्याभोवती टाळ्या पडल्या, असं आमचे हेच मला सांगत आले होते.

पण कवडू महाराजांनी छिंदवाड्यात शिरायचं टाळलं आणि पोहा शेतातल्या वाटेनं काढला. शहरात शिरलं की अर्धे लोक हॉटेलात बसतात, असा त्यांचा अनुभव. रुपराव तोंड वासून पाहत राहिला. एकटा शहरात जाऊन येतो म्हणाला असता तर लोकांनी विचारलं असतं, कशाला? म्हणून बोलला नाही. कसोटीच्या चौथ्या दिवशी, डोंगर लागले तिथं, मागाहून ट्रान्झिस्टरात घातलेले उरलेले दोन सेलही संपत आले. म्हणजे आता मेणकागदात जे होतं ते सारं मेलेलं होतं.

तुम्ही तेव्हाचे असाल तर तुम्हाला माहीत असेल, संपलेला सेल उन्हात तापवला की त्यात थोडा जीव येतो. घटकाभर चालतो, मग पुन्हा ढिम्म. घरोघरी हे करत. त्या दुपारी रुपरावानं एका खडकावर जर्मनची ताटली ठेवली आणि मेणकागदातले सेल पापडासारखे वाळत घातले. प्रेमिलानं पाहिलं आणि जवळ आली. तिनं भुवया वर केल्या, म्हणजे, हे काय? त्यानं सूर्याकडे बोट दाखवलं, मग ताटलीकडे, मग तिच्या गळ्यातल्या डबीकडे. तुझे सेल, ऊन दाखवतो आहे.

तिला केवढं बरं वाटलं! नवरा आपल्या मशीनची काळजी करतो आहे. तिथं माकडं फार. म्हणून ती हातात काठी घेऊन त्या ताटलीजवळ बसली. डोक्यावर पदर, समोर खडक, माथ्यावर ऊन, आणि ती ते मेलेले सेल राखत बसली. मी हातानं खुणावलं, सावलीत ये, तर मान हलवली. रुपराव तिकडे झाडाखाली माणसांत होता. त्यानं दोनदा वळून पाहिलं. नंतर नानाजींजवळ तो म्हणाला होता की, त्या वेळी उठून तिच्या हातातली काठी घ्यावी आणि सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण पाय उचलला नाही. आणि पाय न उचलता तो तिथंच बसून राहिला, ट्रान्झिस्टरमधला डासासारखा आवाज ऐकत. लाज वाटत होती, पण लोकांसमोरून उठायची लाज त्याहून मोठी होती. माणसाला लाज असून भागत नाही, ती योग्य जागी असावी लागते.

पायथ्याशी जत्रा भरली होती. बांगड्या, कुंकू, रेवड्या, पितळी घंट्या, टॉर्च. रुपराव दुकानामागून दुकान पालथं घालत फिरला. दुकानदारांपुढं टॉर्चचे जाडे सेल रचलेले. पेन्सिल सेल? "वो तो शहर में मिलेगा, भगत." चार ठिकाणी हेच. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "काहून गा, बरं नाही का?" तो म्हणाला, "उपास हाये ना, सिंधूताई." शिवरात्रीचा उपास आम्हा सगळ्यांनाच होता.

चढायला सुरुवात करायच्या आधी प्रेमिलानं हात पुढं केला. माथ्यावर लावायचा सेल. तिच्या मशीनमधला रोजच्या थोड्या थोड्या वापरानं संपला होता. रुपरावानं मेणकागद सोडला, सकाळच्या उन्हात पुन्हा तापवलेल्या सेलांतून त्यातल्या त्यात गरम लागला तो निवडला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो आत घातला, चाकी फिरवली आणि हातातल्या बांगड्या कानाशी वाजवल्या. ऐकू आलं! तिचं तोंड असं फुललं की मीही हसले. लगेच तिनं मशीन बंद केली. जपून. रुपरावानं तेव्हा महादेवाला काय म्हटलं असेल ते मला न सांगताही कळतं. फक्त वर पोचेपर्यंत टिकू दे.

चौरागडाची चढण छाती फोडणारी. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मधे माणसांची रांग. प्रेमिला माझ्यापुढं, दोन्ही हातांत त्रिशूळ धरून. आजारानं खंगलेली बाई, पण एकदाही बसली नाही. माथ्यावर देवळापाशी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. तिथं नवसाच्या त्रिशुळांचा ढीग, नव्हे, रानच. लहान-मोठे हजारो, गंजलेले, शेंदूर लावलेले. आमचा पोहा सगळा वर येईपर्यंत कवडू महाराज थांबले. मग त्यांनी हात वर केला.

प्रेमिलानं घाईनं मशीनची चाकी फिरवली. डोळे मिटले.

"हर हर महादेव!"

आमच्या सगळ्यांच्या नरड्यातून ते निघालं आणि खरंच, खालून, वळणावळणांवरून, दरीच्या तळातून उत्तर आलं. अंगावर काटा आला माझ्या. मी प्रेमिलाकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले होते. ती डबीवर टिचकी मारत होती, चाकी मागं-पुढं फिरवत होती, बोंडूक कानात दाबत होती. पुन्हा आरोळी झाली, पुन्हा उत्तर आलं. ती आमच्या उघड्या तोंडांकडे एकामागून एक पाहत राहिली. हरवलेलं लेकरू गर्दीत पाहतं तशी.

मग तिनं गुडघे टेकले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ती देवाशी बोलली ते साऱ्या माथ्यानं ऐकलं.

"देवा, माह्याच हातून झालं. उपासाच्या दिवशी मी बिस्कुट खाल्लं. सिंधूताईनं देल्लं, मी नाही म्हणाले पाहिजे होतं. तू देल्लं होतं ते तूच वापस घेतलं. घे, देवा. माह्या मनात राग नाही."

ते बिस्कीट मी सकाळी बळेच तिच्या हातात कोंबलं होतं, तिला चक्कर येऊ नये म्हणून. आणि आता ती गळ्यातली पिशवी काढत होती. मशीनची वायर तिनं त्रिशुळाला गुंडाळायला सुरुवात केली. त्रिशुळाबरोबर मशीनही देवाला वाहून टाकायला निघाली होती ती. मशीन गेली की पुन्हा कधी ऐकणार नव्हती. दुसरी घ्यायला ती तयारच झाली नसती. देवानं परत घेतलेलं कोण मागतं?

रुपराव पुढं झाला. त्यानं तिचा हात धरला. आणि मग त्याचे हात हवेत उठले. दोन बोटं जोडून वेगळी केली. धागा तुटला. तिनं मान हलवली, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, "हो ना. तुटला." त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग खिशातल्या ट्रान्झिस्टरवर, मग तिच्या डबीवर. तिला काही कळेना. त्याचे हात थांबले. गिरणीच्या खुणांत पाणी होतं, साहेब होता, तुटलेला धागा होता. बायकोचे सेल मी घेतले, याला खूण नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. बोलायचं तर एकच रस्ता होता, आणि भोवती शेकडो माणसं उभी होती. त्यांतली निम्मी त्याला ओळखत होती.

तो तिच्या कानाशी वाकला आणि बोलला. हळू.

"काय?" ती मोठ्यानं म्हणाली.

तो जरा जोरात बोलला. आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या.

"काय म्हणता? नाही समजून राहिलं!" तिचे हात वायर गुंडाळतच होते.

तेव्हा रुपराव गावंडे ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडे पाहून, नरडं फाटेस्तोवर ओरडला.

"देवानं नाही घेतलं वं! म्या घेतलं! तुह्या मशीनचे सेल म्या माह्या रेडिओत टाकले! तुले मेलेले देल्ले! तू ज्याच्यापाशी काठी घेऊन बसली होती ना, ते मेलेले होते! देवानं नाही, म्या!"

 घंटा वाजवणाऱ्याचा हात थांबला. ज्यांनी त्याला चहा पाजला होता, ज्यांनी घोंगडी टाकली होती, ते सगळे तिथंच होते. कुणी जमिनीकडे पाहू लागलं, कुणी दरीकडे. आमचे हे टोपी काढून तिच्यातली धूळ झटकत बसले. रुपरावाचं तोंड काळवंडलं होतं आणि हात लटकले होते. ते कुठं ठेवावे हेच त्याला कळत नव्हतं.

प्रेमिला त्याच्या ओठांकडे पाहत होती. या वेळी तिला सगळं पोचलं होतं. मला वाटलं, आता ती त्रिशूळच त्याच्या डोक्यात घालेल. घातला असता तर मी अडवलं नसतं. पण तिनं त्रिशुळावरची वायर सावकाश उलगडली. त्रिशूळ इतर त्रिशुळांत रोवला, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. मग उठली आणि आपल्या त्या मोठ्या, स्वतःला न ऐकू येणाऱ्या आवाजात नवऱ्याला विचारलं,

"मंग जिंकलो का आपण?"

टोमणा नव्हता तो. मी तिला ओळखत होते. आपली एवढी वस्तू गेली तर तिच्या बदल्यात काय आलं, एवढंच तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि ते तिला सांगायला रुपरावाला पुन्हा ओरडावं लागलं.

"मालूम नाही! काल सेल संपले!"

कुणीतरी हसलं. दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. प्रेमिलानं मान हलवली, "बरं" म्हणाली, आणि मशीनची पिशवी नवऱ्याच्या गळ्यात घातली. "धरा. उतराले माह्ये दोन्ही हात लागतात." मागचे लोक पुढं सरकू लागले होते. ती माझा हात धरून उतरणीला लागली.

तिनं परत एकदाही मागं पाहिलं नाही, म्हणून मीच पाहत होते. रुपराव आमच्यामागून उतरत होता. छातीवर ती खणाची पिशवी, लाल, टिकल्या लावलेली, आणि बाहेर लोंबणारी वायर. सदऱ्याच्या आत घालता आली असती. त्यानं घातली नाही. अरुंद वाटेवर वर येणारे पोहे अंगावर येत होते. वायर पाहून लोक त्याला हातांनी खुणा करत, बाजूला व्हायला सांगत. एकानं त्याचा दंड धरून त्याला कड्याकडच्या बाजूनं आत घेतलं आणि सोबत्याला म्हणाला, "बहिरा हाये बिचारा, सांभाळून." रुपरावानं ते ऐकलं आणि खाली मान घातली. मी बहिरा नाही, असं तो कुणालाच म्हणाला नाही.

खालच्या वळणावर एक म्हातारी भेटली. सातपुड्यातल्याच कुठल्या गावची असावी, काठी टेकत येत होती. तिनं त्याच्या गळ्यातली डबी पाहिली, थांबली, सुरकुतलेला हात त्याच्या गालावर ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "ऐकू येईन, बाप्पा! काळजी नको करू! महादेव तुह्यं चांगलं करन!"

रुपरावानं हात जोडले. म्हातारी वर निघून गेली तरी तो तसाच हात जोडून उभा होता.